साहेबांसाठी निवडलेले मूग

शिकलं की माणूस शहाणा होतो, ही थाप कुणी मारली देव जाणे. मी मुगावर डॉक्टरेट केलीय, आणि माझ्याइतकी बिनडोक बाई अख्ख्या मुलुंडात सापडायची नाही.

आमच्या ऑफिसात मुगाच्या नव्या जाती काढतात. त्यासाठी जुने गावठी मूग लागतात, आणि जितके भिन्न तितके बरे. एखाद्या काळपट दाण्यात रोगाला दाद न देण्याचा गुण असतो, एखाद्यात पावसात शेंगेतच मोड न येण्याचा. यावर आमचे साहेब तासभर स्लाइड दाखवतात. जन्मात कधी मूठभर मूग निवडले नसतील, आणि निघालेत देशाचं बियाणं वाचवायला!

त्यांच्यापुढे मी फुशारकी मारली, की आमच्या आईकडे गावच्या मुगाची बरणी आहे. गावचं शेत काकांनी केव्हाच विकलं. शेवटच्या पिकातली ही एक बरणी आई इथे माझ्याकडे राहायला येताना घेऊन आली. हिरवे, काळे, पिवळसर, बारीक, ठिपक्यांचे, सगळे एकत्र, राख लावून ठेवलेले. त्या वाणाचं जगात तेवढंच उरलं होतं.

"आई, ती मुगाची बरणी काढून ठेव गं. सोमवारी साहेबांना द्यायचीय," एवढंच मी बोलले. कशाला, ते सांगितलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला काय कळणार? एवढा माज.

सोमवारी टेबलावर बरणी चकचकीत. आत एकजात हिरवेगार, टपोरे दाणे. रविवारी मी दिवसभर बाहेर होते, तेवढ्यात खिडकीत ताट घेऊन बसून आईने राख पुसली होती, काळे-बारके काढले होते, आणि कितीही भिजवले तरी न भिजणारे गणंगही वेचले होते. ते तिच्या बोटांना बरोबर कळतात.

"बाकीचे कुठे गेले?"

"कबुतरांका घातलंय."

मी चपला न घालता खाली धावले. पार्किंगमध्ये दोन-चार लठ्ठ कबुतरं फिरत होती. दाणा एक नव्हता. वर येऊन मी किंचाळले, "वाट लावलीस गं सगळ्याची!"

ती दचकली. "असले मूग सायबाक कशे देवचे गो? माका लाज वाटता. दिवाळीक तुझ्या मैत्रिणी इल्ल्यो, तेव्हा तूच म्हटलंस ना, ह्यो कचरो कित्याक जपून ठेवलंस म्हणान."

म्हटलं होतं. हसतहसत, चारचौघींत.

बरणी घेऊन ऑफिसला गेले. साहेबांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले. "वा मॅडम! काय क्लीन सॅम्पल आहे!" या माणसाची कीव करायचीही माझी लायकी उरली नव्हती. मी थँक्यू म्हटलं.

संध्याकाळी दारातच आईने विचारलं, "आवडले सायबाक?"

"खूप आवडले," म्हटलं.