जागच्या जागी चालणारी सायकल

माझा स्वभाव हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मला कायम मोठा दिसत आला. सोनपेठच्या घरात मी थोरली सून. सासऱ्यांचं कापडाचं दुकान, नवरा आणि दीर दिवसभर तिथंच. धाकटी जाऊ आली तेव्हा मला या घरात सहा वर्षं झाली होती. ती बुटकी, गोरी, हळू बोलणारी. सगळ्यांना आवडायची. मला आवडायची नाही, आणि त्याला धड कारणही नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला शुगर निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज तासभर भरभर चालायला सांगितलं. घरात हाच मोठा पेच झाला. आमच्या गल्लीत बायका पाण्याला जात, देवाला जात, कुणाच्या घरी हळदी-कुंकवाला जात. पण काही काम नसताना, नुसतं चालायचं म्हणून रस्त्यानं चालणारी सून कुणी पाहिली नव्हती. लोक विचारतील, निघालीस कुठं? त्यावर उत्तर काय द्यायचं? डॉक्टरांनीच मग दुसरा उपाय काढला. जागेवर उभी असलेली, व्यायामाची सायकल मिळते, ती घरात ठेवा.

सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी शिलाई मशीन मागत होते तेव्हा ठेवायला जागा नव्हती. आता माजघरातली ज्वारीची पोती एका दुपारीत हलली. आणि वस्तू कोणती, तर सायकल! माहेरी, चारठाण्याला, माझे भाऊ सायकल शिकले तेव्हा सीट धरून मागं पळणारी मी होते. मला कधी कुणी बसवलं नाही, पोरीची जात म्हणून.

विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत एसटी कधी चालू, कधी बंद. चालू सापडली त्या दिवशी सासरे, मी आणि जाऊ परभणीला गेलो. दुकानात दोनच सायकली होत्या. एक बसकी, साधी, तिची सीट पार खाली येत होती. दुसरी उंच, जड चाकाची, हँडलवर काटा आणि किलोमीटरचे आकडे. तिची सीट मात्र एकाच उंचीला पक्की होती, वर-खाली होत नव्हती, हे दुकानदारानं बजावून सांगितलं.

सासऱ्यांच्या समोर सुनेनं उंचावर बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते बिचारे पाठ करून दारात उभे राहिले. तरी जाऊ काही बसेना. दुकानातली माणसं बघायलीत म्हणून पदर ओढून भिंतीला टेकली. सासरे तिकडूनच म्हणाले, थोरलीनं बसून पाहिलं तरी चालंल, दोघी एकच. त्यांच्या लेखी सुना म्हणजे एकाच ताग्यातलं कापड. मी तिच्यापेक्षा हातभर उंच, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी लुगडं आवरून बसक्या सायकलीवर बसले, मग उंच सायकलीवर. तिच्यावर पाय मारला आणि चाक असं घुमलं की मला उतरावंसं वाटेना. तिचे पाय पोचणार नाहीत, हे मला तेव्हाच दिसत होतं. अगदी लख्ख दिसत होतं. तरी मी म्हटलं, हीच बरी.

सायकल घरी आली. जाऊ सकाळी बसायची. तिचे नुसते अंगठे टेकायचे, कंबर या बाजूनं त्या बाजूला घसरायची. दहा मिनिटांत उतरायची, पण कुणाला काही बोलायची नाही. दुपारी ती बाळाला घेऊन आडवी झाली की मी माजघराचं दार लोटून घ्यायचे आणि घामाघूम होईपर्यंत सायकल मारायचे.

संध्याकाळी सासरे वाकून आकडे वाचायचे. आकडा रोज वाढलेला. धाकटी किती चिकाटीची आहे, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. पाय माझे, शाबासकी तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि बोलायची सोय नव्हती.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर शुगर उलट वाढलेली. एवढी सायकल चालवून असं कसं, म्हणून डॉक्टरही चक्रावले. आता रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, म्हणाले. जाऊ तिथंच रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं.

येताना एसटीत सासरे पुढं बसले होते. अर्धा रस्ता सरला तरी माझा धीर होईना. शेवटी तिच्याकडं न बघता सगळं सांगून टाकलं. तिचे पाय पोचणार नाहीत हे मला दुकानातच कळलं होतं, हेसुद्धा. ती रागावेल, सासऱ्यांना हाक मारेल, अशी माझी तयारी होती.

ती म्हणाली, "मला ठावं हाय, अक्का. दुपारी मी जागीच आसते. तुमी सायकल मारताना गुणगुणता. एरवी घरात तुमी कवा गुणगुणत न्हाईत. पाय पोचत न्हाईत म्हणलं आसतं, तर मामंजींनी ती वापस केली आसती."

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं आणि पायडलांवर जाड लाकडी ठोकळे ठोकून घेतले. तिचे पाय पोचले. माझे गुडघे मात्र पोटाला लागायला लागले, तेव्हा माझी सायकल सुटली. इंजेक्शन काही तिचं सुटलं नाही. रोज सकाळी ती पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचून घेते आणि मी कापूस धरून उभी असते. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी गल्लीभर बोंब मारली असती. ती गप्प बसली, माझ्यासाठी. मला तेवढं कधीच जमलं नसतं, आणि त्याचा हेवा मला आजही वाटतो.