आप्पांसाठी बाकाची बोट

आप्पा बोटीच्या तळाशी गुडघे मोडून बसले आणि मलाच अवघडल्यासारखं झालं.

बोट पाण्यात नव्हती. कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, लाकडी घोड्यांच्या टेकूवर ठेवलेली होती. आम्ही फायबरच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, तलावावरच्या पॅडल बोटी बनवतो. शिडाची बोट कुणी मागितली तरच. डिझाइन आणि ट्रायल माझ्याकडे. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी सगळ्यांना सांगतो, इथंही सांगतो.

आप्पा वडगाव रासाईचे. विकास सोसायटीचे चेअरमन, मग सरपंच, मग गावातल्या प्रत्येक भांडणातले पंच. मुलीकडं गोव्याला राहिले तेव्हा तिथल्या क्लबात शिडाची बोट चालवायला शिकून आले. दौंडकडं धरणाच्या बॅकवॉटरला लागून त्यांची जमीन आहे. बोट तिथं ठेवायची होती.

"किती जण बसणार, आप्पा?"

"मी येकटा."

"आणि घरचे?"

"घरचेच नकोत. आरं, सारा जल्म माणसांत गेला. दात घासतानाबी दारात दोघं उभे. तासभर कुणी 'आप्पा' म्हणून हाक मारू नये, येवढंच पायजे बघ."

एवढं स्पष्ट सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. उत्तरही सोपं होतं. एकट्यानं जायचं तर बोट लहान हवी. एकच शीड, कारण दुसऱ्या शिडाला दुसरे हात लागतात. वजन इतकंच, की काठावर एकट्याला ओढता यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलटली तर एकट्याला सरळ करता यावी. बोटीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात गेलेली असते. बोट आडवी झाली की त्या फळीवर उभं राहायचं, बोटीचा काठ धरून मागं रेलायचं. लहान बोट उठते. मोठी उठत नाही.

आप्पा बसले होते ती लहान. तिच्यात बसायला बाक नाही. तळाशी नाहीतर तिच्याच काठावर बसायचं. शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून फिरला की मान खाली घालायची.

आप्पांनी मान खाली घालून बघितली. "बेस हाय की. खेळण्यावानी."

आता माझं सांगतो. माझे वडील मेंढरं राखायचे. कळप आप्पांच्या रानात बसायचा. खत त्यांच्या शेताला, धान्य आम्हाला. आप्पा बाजेवर बसायचे, वडील समोर उकिडवे. आप्पांना माझ्यापेक्षा खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी उभा होतो आणि ते माझ्या पायांशी गुडघे मोडून.

"आप्पा, उठा. तुम्हाला शोभत नाही हे. ती पलीकडची बघा."

पलीकडची मोठी होती. दोन शिडं, रुंद पोट, मधे ऐसपैस बाक. आप्पा बाकावर बसले आणि मला बरं वाटलं.

"पर मला येकट्याला झेपंल का ही?"

"झेपेल की. सवय झाली की झालं."

इंजिनियरनं सांगितलं म्हणून त्यांनी ऐकलं.

डिलिव्हरीआधी आमच्याकडं एक नियम आहे. काठाजवळ बोट मुद्दाम उलटवायची आणि मालकानं ती स्वतः सरळ करायची. याला कॅप्साइज ड्रिल म्हणतात. ती झाली असती तर माझी चूक तिथंच उघडी पडली असती. पण मी बोट घेऊन पोचलो तर काठावर हलगी वाजत होती. नारळ, पेढे, अर्धं गाव. आप्पा पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला फेटा. मी ड्रिलचं नाव काढताच त्यांचे मेव्हणे ओरडले, "आवं इंजिनियर, पूजा घालाय आलाय का आप्पास्नी बुडवाय?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "नंतर करू."

नंतर केली नाही.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या मुलाचा फोन आला. आप्पा एकटे गेले होते. वाऱ्याचा झोत आला, बोट आडवी झाली. फळीवर चढून चढून ते थकले. शेवटी मच्छिमारांनी पाहिलं आणि ओढून काठाला आणलं. लाइफ जॅकेट होतं म्हणून निभावलं.

मी आणि वर्कशॉपचे मालक, आमचे सर, गाडी काढून गेलो. आप्पा घोंगडी पांघरून बसले होते. दातावर दात वाजत होते. मुलगा माझ्या अंगावर आला.

"ह्यो म्हातारा माणूस, आन् ह्यी बोट तुम्ही येकट्याला दिलीच कशी?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "ड्रिल केली होतीस?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. "त्यो म्हनला व्हता. मीच न्हाई म्हनलो. आन् बोटबी माझ्याच पसंतीची. त्याला बोलू नका."

सर्वांसमोर. माझ्यासाठी. गावचा न्याय करणारा माणूस सरळ खोटं बोलला. "न्हाई आप्पा, चूक माझी" एवढे शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "हे तिथं का नाही बोललास?"

आम्ही बोट बदलून लहान द्यायला तयार होतो. मुलांनी नकार दिला. आता आप्पा पाण्यावर जातात ते मोठ्या बोटीतूनच, पण बरोबर मुलगा, पुतण्या आणि मोबाइलवर बोलणारे मेव्हणे. म्हणजे त्यांना जे हवं होतं, नेमकं तेवढंच गेलं.

मी आता गिऱ्हाइकाला आधी पाण्यात पाडतो, मग बोटीबद्दल बोलतो. मागच्या महिन्यात शिरूरचे एक पुढारी आले होते. कपडे ओले करायला तयार होईनात. म्हणाले, "आमच्या पोझिशनला बरं दिसंल का ते?" मी त्यांना पॅडल बोट दाखवली. ते रागावून गेले. जाऊ द्या. पाण्याला पोझिशन कळत नाही, आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचाच मला पगार मिळतो.