लाँड्रीकाकूंचा ऑगस्ट

लाँड्रीकाकूंना खरं नाव आहे, पण ते फक्त त्यांच्या पासपोर्टावर. मला ते माहीत आहे, कारण पासपोर्टाचा फॉर्म मीच भरला. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या लाँड्रीला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या इस्त्रीची वाफ सुटली की मला इकडे ऐकू येते, आणि माझ्या मशीनमध्ये कागद अडकला की त्या पलीकडून विचारतात, "परत अडकला का रे?"

काकू साठीच्या पुढच्या. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा कपाळावर. कपडा हातात घेतला की आधी नाकाशी नेतात, मग उजेडात धरतात. एवढ्यावर त्यांना कळतं की हा माणूस कुठे बसला होता, काय जेवला आणि घरी काय सांगणार आहे. कळतं, पण त्या बोलत नाहीत. म्हणून तर सगळी गल्ली त्यांच्याकडे निर्धास्त कपडे टाकते. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आतल्या टेबलावर इस्त्री करतात आणि दिवसाला वीसेक शब्द खर्च करतात.

त्यांची एकुलती एक लेक ह्याच दुकानात, लटकवलेल्या कोटांच्या मागे बसून अभ्यास करत वाढली. अठराव्या वर्षी तिनं जाहीर केलं की आयुष्यात दुसऱ्याच्या कपड्याला हात लावणार नाही. हॉटेलचा कोर्स केला आणि पार विषुववृत्ताजवळच्या एका देशात, समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरी धरली. तिथे ती चढत चढत खोल्यांची मुख्य झाली. म्हणजे ऐंशी खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल तिच्या ताब्यात. लोक विचारत तेव्हा काकू अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तिनं शब्द पाळलाय. ती हात लावत नाही, दुसऱ्यांना लावायला लावते."

चार वर्षं झाली तरी लेकीला घरी येण्याइतकी सलग रजा मिळेना. शेवटी तीच म्हणाली, आई, तूच ये, माझ्या खोलीत राहा पंधरा दिवस. काका कधीच विमानात बसणार नव्हते. ते म्हणाले, "जा. दुकान बघतो." त्या दिवसाचे तेवढेच शब्द.

मग प्रश्न आला, कधी जायचं?

आमच्या समोर तिकीटवाल्याचं ऑफिस आहे. गोरागोमटा, कडक कॉलरचा माणूस. ती कॉलर काकांच्या हातची. त्याच्या काचेवर त्या देशाचा एक तक्ता चिकटवलेला होता. बारा महिन्यांचे बारा चौकोन. डिसेंबर ते फेब्रुवारी हिरवे, पुढचे काही पिवळे, आणि जून ते सप्टेंबर लालभडक. तो म्हणाला, काकू, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही, डोळे झाकून जानेवारी. आकाश निळं, समुद्र निळा, अंगाला घाम नाही. जो कोणी कपडे टाकायला आला त्यानंही तेच सांगितलं. ज्यांनी तो देश नकाशावर पाहिला नव्हता त्यांनीसुद्धा.

काकू जानेवारीत गेल्या. पंधरा दिवसांनी आल्या त्या रापून, हातात शंखशिंपल्यांची पिशवी घेऊन. कसं होतं म्हणून जो विचारेल त्याला "छान होतं" म्हणत. आठवड्याभरानं त्या फोटो छापून घ्यायला माझ्याकडे आल्या. बेचाळीस फोटो. मी एकेक छापत गेलो आणि त्या एकेक बघत गेल्या. समुद्र, नारळाची झाडं, सूर्यास्त, परत समुद्र, काकू एकट्या खुर्चीत, काकू एकट्या होडीजवळ.

"ह्यात ती कुठेय सांग," त्या म्हणाल्या.

मी शोधली. तीन फोटोंत सापडली. एकात अर्धीच, दुसऱ्यात कानाला फोन, तिसऱ्यात डोळे मिटलेले.

तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. जानेवारीत हॉटेल खच्चून भरलेलं. लेक पहाटे पाचला जायची ती रात्री नऊला यायची, आणि जेवता जेवता पेंगायची. सकाळी दारात उभ्या उभ्या "आई, बरी आहेस ना" एवढं विचारायची. दुपारचं आणि संध्याकाळचं जेवण हॉटेलातला एक उंच माणूस ताटात झाकून आणून द्यायचा. काकूंना त्याची भाषा येत नव्हती, त्याला काकूंची. पहिल्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं, ते त्यांनी चिमूट दाखवून खुणेनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जास्त झालं, तेही सांगितलं. आठ दिवसांत मीठ बरोबर जमलं. "पंधरा दिवसांत माझं जास्तीत जास्त बोलणं त्या ताटवाल्याशी झालं," त्या म्हणाल्या, "आणि तेही मिठावर." हे सांगताना त्या हसल्या, पण चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून घेतला.

मला वाटलं, विषय संपला. पण काकूंनी तो तिथून सुरू केला.

तिकीटवाल्याकडून त्या देशात जाऊन आलेल्या माणसांचे कपडे शेवटी लाँड्रीतच येत. काकू आता ते वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. जानेवारीतून आलेल्या शर्टाच्या कॉलरला उन्हाचं क्रीम आणि खिशात वाळू. एप्रिलच्या शर्टांच्या काखा पिवळ्या, पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा, म्हणजे घाम. मे महिन्याच्या एका गिऱ्हाइकाची तर बॅगच भिजून फुगलेली. तो म्हणाला, वादळात तीन दिवस विमानतळावर झोपलो. काकूंनी मे महिन्यावर मनातल्या मनात फुली मारली. मग ऑगस्टमध्ये जाऊन आलेली एक बाई आली. पक्ष्यांचे फोटो काढणारी. तिच्या कपड्यांना कोंदट वास होता आणि बारीक काळे ठिपके, पण विजारींचा चिखल घोट्याच्या वर कुठेही गेलेला नव्हता. काकूंनी तिला स्टुलावर बसवून घेतलं आणि तासभर विचारलं. पाऊस दिवसभर असतो का? नाही, बहुतेक दुपारी तीनला येतो, साडेपाचला जातो. पूर? तिकडे उतार आहे, पाणी समुद्रात निघून जातं. मग वाळत काय नाही? काहीच वाळत नाही, ती म्हणाली, बाकी सगळं चांगलं आहे.

त्या रविवारी काकूंनी लेकीला फोन लावला आणि हवेचं नावही न काढता विचारलं, "तुझं हॉटेल रिकामं कधी असतं?"

लेक जरा घुटमळली. मग म्हणाली, जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा खोल्या लागतात, पण आई, तेव्हा नको येऊस, पावसात अडकून पडशील, आधीच जानेवारीत तुझी एवढी आबाळ झाली. काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. दहा-बारा खोल्या एवढंच त्यांना हवं होतं.

ऑगस्टचं तिकीट मागितल्यावर तिकीटवाल्याच्या तोंडाचा चंबू झाला. तो रस्ता ओलांडून लाँड्रीत आला, तक्ता सोबत घेऊन. लाल चौकोनावर बोट ठेवून म्हणाला की उद्या तुम्ही आजारी पडलात, होड्या बंद, बाहेर पडता आलं नाही, तर माझं नाव खराब होईल. मीही त्याच्याच बाजूनं बोललो, हे कबूल करायला हवं. काकू एक ओला टेबलक्लॉथ ताणत होत्या. तो त्यांनी खाली ठेवला.

"तुमचा तक्ता बरोबर आहे हो," त्या म्हणाल्या. "देश बघायला जायचं असेल तर जानेवारीच. तो मी बघून आले. आता मला लेक बघायचीय."

आतून काकांची इस्त्री थांबली. "द्या तिकीट," ते म्हणाले. तिकीटवाल्यानं दिलं.

पुढचं मला काकूंनी आल्यावर सांगितलं, आणि काही लेकीनं, नंतर. विमानतळावर लेक स्वतः आली होती, आणि घाईत नव्हती. दिवसा काम दोन-तीन तासांचं. दुपारी ढग भरून आले की दोघी खोलीच्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसायच्या आणि साडेपाचपर्यंत बोलायच्या. इतक्या वर्षांचं बोलणं होतं. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, काकांचा गुडघा, लेकीचा पहिल्या वर्षातला एकटेपणा, जो तिनं फोनवर कधीच सांगितला नव्हता. पहिले दोन दिवस काकूंना सारखं वाटे, आता ही उठून जाईल. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बोलता बोलता झोपल्या आणि जाग आली तेव्हा लेक तिथेच होती.

चौथ्या दिवशी लेकीनं त्यांना हॉटेलाच्या धुलाईखोलीत नेलं. तिची अडचण तीच होती जी पक्ष्यांच्या बाईंनी सांगितली होती. चादरी वाळत नव्हत्या आणि वाळल्या तरी वास जात नव्हता. काकूंनी एक चादर नाकाशी धरली, छताकडे पाहिलं आणि पदर खोचला. चादरी एकमेकींना चिकटून टांगलेल्या होत्या. त्या हातभर अंतरावर टांगायला लावल्या. पंखे वरून हलवून जमिनीवर ठेवले. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. आणि पूर्ण वाळायची वाट न बघता, किंचित ओली असतानाच कडक इस्त्री. दोन दिवसांत वास गेला. तिथल्या बायका काकूंना आपल्या भाषेत काहीतरी म्हणू लागल्या. लेकीनं सांगितलं, त्या तुला 'मोठी साहेब' म्हणतात.

त्या संध्याकाळी घड्या घालताना लेक म्हणाली, "मी इथे कुठलीही चादर घेतली की आधी वास घेते. पहिल्या दिवसापासून. मी कुणाला सांगितलं नाही ते कुठून आलंय."

काकू म्हणाल्या, "मग आता सांग." आणि घडी पुढे सरकवली.

सातव्या दिवशी, पाऊस ऐन भरात असताना, लेकीनं विषय काढला. आधी पाण्याबद्दल बोलली, मग छपराबद्दल, मग म्हणाली, "आई, जानेवारीत तुला जेवण आणून द्यायचा तो उंच माणूस आठवतो?"

"मिठाचा?"

"तो हॉटेलचा मुख्य आचारी आहे. ताटं पोहोचवणं त्याचं कामच नव्हे." लेक थांबली. "आम्ही लग्न करायचं म्हणतोय. तेव्हाच सांगणार होते. पण हे काय दारात उभं राहून सांगायचं असतं?"

काकूंना आठवलं, की त्या बिचाऱ्याला त्यांनी किती वेळा चिमूट दाखवली होती, आणि तो दर वेळी मान डोलावून ताट घेऊन गेला होता. मग त्या म्हणाल्या, "बोलाव त्याला. ओट्यावर तिसरी खुर्ची आहे ना?"

तो आला, भिजतच. लेकीनं मधे बसून दोन्ही बाजूंचं बोलणं इकडचं तिकडे केलं. त्यानं सांगितलं की जानेवारीत त्याला रोज धडकी भरायची. पहिल्या दिवशी मीठ नापास झालं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. काकू इतक्या हसल्या की चष्मा घरंगळून मांडीत पडला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना आपल्या आईकडे घेऊन गेला, बसनं दोन तास आत, डोंगराच्या पायथ्याशी. विहीणबाई काकूंच्याच उंचीच्या निघाल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी कपाटातले सगळे कपडे काढून एकमेकींना दाखवले. कुठलं कापड, कोणी शिवलं, कधी आटलं.

काकू परत आल्या तेव्हा त्यांना बारीक ताप होता आणि अंगावरच्या कपड्यांना कोंदट वास. तिकीटवाल्यानं ते पाहून मान हलवली. फोटो फक्त सहा काढले होते. मी छापायला घेतले तर म्हणाल्या, राहू दे, सगळं लक्षात आहे. ताप दोन दिवसांत उतरला.

लग्न पुढच्या ऑगस्टमध्ये ठरलं. कारण साधं होतं, नवरानवरी दोघांना तेव्हाच एकदम चार दिवस रजा मिळते आणि पाहुण्यांना उतरायला हॉटेलच्या खोल्या रिकाम्या असतात. आमच्या गल्लीतून अकरा जण गेलो. काकासुद्धा. विमान वर चढताना त्यांनी माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. तिकीटवाला स्वतः आला होता, त्या देशात आयुष्यात पहिल्यांदाच.

कचेरीत जाऊन सह्या करायच्या होत्या, अकरा वाजता. एरवी तीनला येणारा पाऊस त्या दिवशी सकाळी आठलाच आला. होडीतून सामान आणायला गेलेला नवरा पार भिजला आणि त्याचा लग्नातला एकुलता एक पांढरा शर्टही. साडेदहाला विहीणबाई तो शर्ट पिळत उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला. काकांनी इस्त्री तापवली. एकानं बाही ताणायची, दुसऱ्यानं फिरवायची. वाफेनं खोली भरून गेली. नवरा बनियनवर कोपऱ्यात उभा राहून कधी सासऱ्याकडे, कधी घड्याळाकडे बघत होता. मधेच काकांनी बटणाच्या पट्टीवर बोट ठेवलं, काकूंनी मान हलवली, आणि त्यांनी ती पुन्हा एकदा दाबली.

दहा मिनिटं उरली असताना त्यांनी तो त्याच्या अंगावर चढवला. शर्ट अजून गरम होता. नवरा जरासा दचकला, मग हसला, आणि आम्ही सगळे छत्र्या उघडून बाहेर पडलो.