सुमनचा लेप

माडीची दारू गाळताना मडक्यांच्या सांध्याला चिखल लिंपायचा मान आमच्याकडे धाकट्या जावेचा, सुमनचा. मी लिंपलं की वाफ सुटते आणि दारू कमी उतरते. ती गप्पा मारत लिंपते, तरी तडा जात नाही. कामात मी तिच्यापेक्षा नेटकी आहे, पण हे मातीला कोण सांगणार? वीस वर्षं मी तिच्या लेपात तडा शोधते आहे.

काल सापडला. सुमन विहिरीवर गेली होती. सासूबाईंना हाक मारणार, तोवर माझाच हात ओला चिखल घेऊन तिथे पोचला. वाफ थांबली.

सासूबाई आल्या, सांधा न्याहाळून म्हणाल्या, "सुमनचो हात तो. वाफ भायर येवची नाय."

माझा लेप पहिल्यांदाच टिकला, आणि तोही तिच्या नावावर.