अक्षता अडकलेला पंखा

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. चकवा, अंगात येणं, बाहेरची बाधा... काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही कॉम्प्युटर सायन्स घेऊन. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणून हे लिहिताना हात जरा अडखळतोय.

ठिकाण येरमाळा, तालुका कळंब. हायवे सोडून आत आलं की आमचं पत्र्याचं घर. मे महिना, भर दुपार. पुढच्या खोलीत माझ्या कॉलेजच्या वेळचा जुना कॉम्प्युटर. मी नोकरीला धाराशिवला असते, त्यामुळं तो आता वहिनी वापरतात.

वहिनी डी.एड. झालेल्या. लग्नानंतर शिकवायचं राहूनच गेलं. अर्जावर अर्ज करून शेवटी एका ऑनलाइन शिकवणीवाल्यांनी बोलावलं — दुपारी नमुन्याचा वर्ग घेऊन दाखवा, कॉम्प्युटरवरूनच. आणि आठवडाभर हे डबडं सुरू केलं की थोड्या वेळात तापून आपोआप बंद पडत होतं. वर्ग मधेच तुटला तर संपलं, दुसरी संधी नव्हती.

वर्गाच्याच दिवशी सकाळच्या एसटीनं मी आले आणि कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, उघडलं. आत धूळ होतीच, पण प्रोसेसरच्या पंख्यावर हळद-कुंकवाचा थर आणि तांदळाचे दाणे! आई दर खंडेनवमीला विळा-खुरप्यांच्या रांगेत कॉम्प्युटरचीही पूजा करते. वरच्या जाळीतून सगळं आत.

"आई, हे काय गं? याचं नाक बुजवलंस की तू."

"मग? सगळ्या अवजारांची पूजा करायची अन् ह्याचीच न्हाय? तुला शिकवलं ह्यानं."

ब्रशनं साफ केलं, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, रॅम खोडरबरनं पुसली. पंखा फिरला, पण घरघर करत. कॉम्प्युटर चालवून पाहिला तर आधीपेक्षा जास्त टिकला... आणि बंद. वहिनी आत गेल्या. लुगड्याच्या पेटीतली ठेवणीतली साडी नेसून आल्या.

"वन्सं, पडला बंद तर पडला. मी मात्र पडायची न्हाय."

मी झाकण लावून स्क्रू पिळले.

वर्ग सुरू होणार तेवढ्यात आई ताट घेऊन आली. वहिनींना ओवाळलं, आणि मी "नको नको" म्हणेपर्यंत कॉम्प्युटरवरही अक्षता टाकल्या. मग खाली बसली, वासराला ताप आल्यावर बसते तशी, आणि कॅबिनेटच्या कुशीवर तळहात टेकवला.

"आई, हात काढ, चटका बसंल."

"तू तुझं बघ."

वहिनींनी अपूर्णांक घेतला. कॅमेऱ्यासमोर खरी भाकरी धरली, मोडून चतकोर केला. "पोरांनो, चार जण जेवायला बसलेत, कुणाला किती?" काय शिकवत होत्या! पलीकडचे साहेब लोकही हसत उत्तरं द्यायला लागले. मी दाराशी उभी राहून बघतच राहिले. मधेच पंख्याची घरघर थांबली. मनात म्हटलं, वा, आपली साफसफाई लागू पडली!

वर्ग पूर्ण झाला. एकदाही अडकला नाही. वहिनींनी कॉम्प्युटर नीट बंद केला आणि पदरानं घाम पुसला.

मी कौतुकानं झाकण उघडलं, आणि तशीच थांबले. पंखा फिरतच नव्हता. ओल्या कुंकवाच्या अक्षता पात्यात रुतून तो घट्ट अडकला होता. घरघर थांबली होती ती त्यामुळं. प्रोसेसरवरच्या धातूला बोट लावलं... माठासारखा गार.

"आई, हात बघू."

तळहात लालबुंद. तव्यावरून उचलल्यासारखा कढत. ती बादलीतल्या पाण्यात हात बुडवत म्हणाली, "काय न्हाय गं, ताप उतरला त्याचा."

नंतर मी मुद्दाम पंख्याची वायर काढून चालवून पाहिलं. स्क्रीनवर नीट काही यायच्या आत बंद पडला. सेन्सर बिघडला म्हणावं, तर धातू गार कसा? कॅबिनेटच्या पत्र्यातून उष्णता हाताला गेली म्हणावं, तर प्रोसेसर त्या पत्र्याला टेकतही नाही.

वहिनींना नोकरी लागली. पुढच्या खोलीतून रोज त्यांचा आवाज येतो, मी घरी गेले की बाहेर बसून ऐकते. कॉम्प्युटरला नवा पंखा बसवलाय.

एकदा न राहवून आईला म्हटलं, "परत ठेव ना हात. मी बघते काय होतं."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सुनंला गरज व्हती तवा ठेवला. तुला बघायचंय म्हणून न्हाय ठेवत."

कारण मला अजून सापडलेलं नाही. खंडेनवमीला मात्र आता जाळी मी स्वतः कागदानं झाकते, आणि मग आईला म्हणते, कर पूजा.