लागू पडलेल्या औषधाचा ताप

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयपूरला, झालान्यातल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलो होतो. पलीकडे अकोल्याहून त्याची मोठी बहीण, सुधाताई. "प्रशांत, नंदू गेला रे... सकाळी चहा पिऊन रायला होता, छातीत दुखते म्हणे, अन् दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सारं." सुट्टीला म्हणून तो घरी गेला होता. पुढे त्या म्हणाल्या, "इथं लोकं म्हणून रायले का त्या बिमारीनंच गेला. तसं नाही ना रे. तुले तं सारं माहीत हाय. तू लिही कुठं तरी. त्यानं कधी लपवलं नाही, आपण काऊन लपवाव?" त्यांनी सांगितलं म्हणून, काही आठवडे जाऊ देऊन, लिहायला बसलो आहे.

नंदू आणि मी जयपूरला एकाच कंपनीत जवळजवळ बरोबरच रुजू झालो. तो अकोल्याचा, मी सांगलीचा. दोघांनी मिळून मालवीय नगरात वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. त्याचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे नीट चाललेली गोष्ट कुठे मोडू शकते ते हुडकून काढण्याचं, आणि स्वभावही तसाच. कशाचंही 'काऊन?' विचारायचा. शेजारच्या बाई लोणच्याच्या बरणीवर कापडच का बांधतात, झाकण का लावत नाहीत? झालान्याच्या जंगलातले मोर बरोबर आमच्याच गच्चीवर का येतात? भाजीवाला भैया तर त्याला लांबून पाहिलं की हात जोडायचा, "पूछो साहब, आज क्या पूछना है?"

मग एका हिवाळ्यात त्याचा खोकला काही केल्या थांबेना. वजन उतरलं, मानेला एक गाठ आली. तपासणीत टीबी निघाला, आणि टीबी निघाला की एचआयव्हीचीही चाचणी करतात, तशी त्याची केली. रुग्णालयाच्या आवारात स्कूटरला टेकून तो म्हणाला, "दोन्ही निघाले." मग म्हणाला, "तुला घर बदलायचं असेल तर बदल. पण आधी माझ्याबरोबर चल आणि डॉक्टरांना विचार, माझ्यापासून तुला काय होऊ शकतं आणि काय नाही." आम्ही तसेच परत आत गेलो. डॉक्टर मॅडम मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. एचआयव्ही एका घरात राहून, एका ताटात जेवून लागत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. टीबीसाठी माझीही तपासणी केली, खिडक्या उघड्या ठेवा म्हणाल्या, सुरुवातीचे काही आठवडे त्याला मास्क लावायला सांगितला. मी घर बदललं नाही.

हे कुठून आलं, असं पुढे त्याला अनेकांनी विचारलं. एवढा प्रश्नांचा शौकीन माणूस, पण हा एक प्रश्न त्याने स्वतःला फारसा विचारलेला मी पाहिला नाही. "ती चौकशी झाली," म्हणायचा, "तिच्यात शिकण्यासारखं काही नाही."

आधी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी एचआयव्हीच्या. गडी सुधारायला लागला. भूक परतली, जिना न थांबता चढू लागला. आणि सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच उलटं फिरलं. ताप पुन्हा चढला, श्वास लागू लागला, आणि मानेची बसत आलेली गाठ पहिल्यापेक्षा मोठी होऊन वर आली. सुधाताई अकोल्याहून धावत आल्या. जयपुरात बाजरी हवी तेवढी, ज्वारी शोधावी लागते; त्यांनी ती शोधून भाकऱ्या केल्या, पण नंदूच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी गोळ्यांची पाकिटं उचलून आपल्या पिशवीत टाकली. "बंद कर ह्या गोळ्या. ह्यायनंच तुले असं केलं. आधी बरा होता तू." मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. नंदू भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाला, "ताई, बंद करू. पण आधी मले समजू दे, का होऊन रायलं हे." ताईंनी पिशवी हातातून सोडली नाही. ती घेऊनच त्या आमच्याबरोबर रुग्णालयात आल्या.

मॅडमनी ठाम काही सांगायचं टाळलं. टीबीचे जंतू औषधाला दाद देत नसतील, किंवा तिसराच काही संसर्ग असेल. ते आधी तपासायला हवं म्हणाल्या. गाठीतला पू सुईने काढून तपासायला पाठवला. तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. अहवालांची वाट पाहण्याचे ते दिवस वाईट गेले. ताई त्याला गोळी द्यायच्या आणि तोंड फिरवून उभ्या राहायच्या.

अहवाल आले ते चांगले. जंतू औषधांना दाद देत होते, रक्तातला विषाणू झपाट्याने कमी झाला होता, प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढल्या होत्या. नंदूने कागद दोनदा वाचला. "म्हणजे रिपोर्ट सुधारला आणि मी बिघडलो?"

"सुधारलात म्हणूनच बिघडलात," मॅडम हिंदीत म्हणाल्या. इतके दिवस त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती इतकी खचली होती, की टीबीचे जंतू आत असूनही तिला त्यांची दखल घेता येत नव्हती. नव्या औषधांनी ती सावरली, आणि सावरताच जिथे जिथे जंतू सापडले तिथे एकदम तुटून पडली. ताप, सूज, गाठ हा सगळा त्या झटापटीचा परिणाम होता.

"पण जंतू तर टीबीच्या गोळ्यांनी मरत आले होते ना?"

"मेलेल्या जंतूंचे तुकडेही शरीरात उरतात. शरीर त्यांच्यावरही चिडतं."

नंदूने कागद परत एकदा डोळ्यांपुढे धरला. ताप होता, डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर कोडं सुटू लागल्याचा उजेड मला स्पष्ट दिसला. "म्हणजे मॅडम, हा ताप जंतूंचा नाही. हा माझाच आहे." त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांनी स्टेरॉइड लिहून दिलं, तेव्हा मात्र त्याने पुन्हा अडवलं. आत्ताच सावरलेल्या शक्तीला परत दाबायचं कशाला? "दाबत नाहीये, आवाज थोडा कमी करतेय," त्या म्हणाल्या. "मात्र बाकीची एकही गोळी थांबवायची नाही." हे सगळं मी ताईंना मराठीतून सांगितलं. त्यांना किती पटलं कोण जाणे... पण त्यांनी पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

ताप लवकर उतरला, गाठ जायला काही महिने गेले. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला आणि भूक अशी लागली, की ताई भाकऱ्या थापताना दमून जायच्या आणि तरी खूश असायच्या. त्यानंतर नंदू कित्येक वर्षं धडधाकट जगला. एचआयव्हीची गोळी रोजची, बाकी नोकरी, भटकणं, वाद घालणं, सगळं पूर्वीसारखं. मी लग्न करून बनी पार्कला राहायला गेलो. तो त्याच घरात राहिला. मध्येच कधी मॅडमचा फोन यायचा. कुणीतरी त्याच वळणावर येऊन घाबरलेला असायचा, गोळ्या सोडायच्या म्हणायचा. नंदू सुट्टी टाकून जायचा, तासभर बोलून यायचा. तिथे काय बोलला ते मला कधी सांगायचा नाही.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन मला आला. नंदूची बातमी त्यांना कळली होती. जरा अडखळत त्यांनी विचारलं, "एक जण ॲडमिट आहे, औषध घ्यायला तयार नाही. तुम्ही याल का?" मी गेलो. जयपूरजवळच्या दौशाकडचा माणूस होता, मानेला मफलर घट्ट गुंडाळलेला, बायको स्टुलावर बसून एकटक त्याच्याकडे पाहत होती. मला आठवेल तसं मी सगळं सांगितलं, तापाचं, ताईंच्या पिशवीचं, आवाज कमी करण्याचं. तो ऐकत होता, पण नजर खिडकीकडे. माझं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "आपके दोस्त अब कहाँ हैं?"

खोटं बोलावं, असं क्षणभर मनात आलं. पण समोरच्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि नंदूने असल्या प्रश्नाला कधी खोटं उत्तर दिलं नसतं.

"गुज़र गए," मी म्हणालो. "दिल का दौरा पड़ा. इस बीमारी के बरसों बाद."

"बरसों बाद," त्याच्या बायकोने हळूच म्हटलं.

त्याने सावकाश मफलर सोडला, मान माझ्याकडे वळवली. "उनकी गाँठ कितनी बड़ी थी?"

मी बोटांनी लिंबाएवढा आकार करून दाखवला. त्याने आपली गाठ चाचपली, माझ्या बोटांकडे पाहिलं, परत चाचपली.

"मेरी तो छोटी है," तो म्हणाला, आणि बायकोकडे पाणी मागितलं.