चाचांची हरकत

वाइंडिंगवाले चाचा चिडले की त्यांचा आवाज खाली जायचा. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला ते हवं ते सुनावायचे. लासुर्ण्याच्या स्टँडजवळ त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटार घेऊन कुणी आलं की आधी ती उघडून त्याच्या नाकाशी धरायचे. "वास घ्या. ही जळली न्हाय, जाळलीया. कमी दाबाची लाईट दिल्यावर दुसरं काय व्हणार?" मोटारी जळण्यावरच त्यांचं पोट, तरी धड वीज द्या म्हणून अर्ज करण्यात सगळ्यांच्या पुढे तेच. घरात हमीदाचाची म्हणायच्या, "सोताच्या दुकानाला कुलूप लावाय निघालंय हे मानूस."

त्यामुळे सामुदायिक सौर प्रकल्पांचा कायदा वाढवून खेड्यातल्या घरांपर्यंत आणणार, अशी बातमी आली तेव्हा चाचा दुकान उघडं टाकून माझ्याकडे आले. मी निवृत्त शिक्षक, तेव्हा मसुदा वाचून दाखवायचं काम माझं. गावाच्या पडीक जागेवर एकच प्रकल्प, त्यात घराघराचा हिस्सा, आणि हिश्श्याची वीज ज्याच्या त्याच्या बिलातून वजा. चाचा खूश. "गुरुजी, ह्यात नवं काय हाय? विहिरीत चार आण्याचा हिस्सा असतुया, तसंच हे. आपल्या लोकांना शिकवाय नगं."

मग एका ओळीवर ते अडले. अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं मीटर हवं. आमच्याकडे मीटर आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा जाऊन जमाना झालेला असतो. नाव बदलायचं तर कुठल्या भावाचं लावायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला बसलं की घर फुटतं. म्हणून मीटर मेलेल्याच्याच नावावर ठेवून सगळे मुकाट्याने बिल भरतात. मुंबईत बसून मसुदा लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल? नसेल तर त्याने लिहूच नये. ठाऊक असून लिहिलं असेल तर तो नालायक आहे.

चाचांच्या शेजारी शेवंताबाई राहते. नवरा नाही, शिवणकामावर घर चालतं, मशीनला मोटार बसवून दिली ती चाचांनीच. मीटर सासऱ्यांच्या नावावर, आणि दीर संमतीची सही करीना. मीटर तिच्या नावावर करण्याचा अर्ज घेऊन चाचा वीज कार्यालयात गेले, बरोबर मी. साहेबाने मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "सासऱ्यांची सही आणा."

"ते मयत हाईत सायेब. अर्जात लिवलंय तसं."

"मग लिहिलं कशाला?"

बाहेर आल्यावर मीही तेच म्हणालो. सासऱ्याच्या नावाने अंगठा उठवायचा आणि मोकळं व्हायचं, कोण बघतंय. चाचांचा आवाज एकदम खाली गेला. "गुरुजी, चोरीनंच घ्यायची आसंल तर तारेवर आकडा टाकता येतुया की. त्याला कायदा कशाला पायजे?" 

सरकारने मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, त्या मुदतीत चाचांनी स्वतःच्या हाताने हरकत लिहिली. जो घरात राहतो आणि बिल भरतो त्याला हिस्सा द्या, एवढंच मागणं. पुण्याच्या सुनावणीला इस्त्रीचा सदरा घालून गेले. दिवसभर बसवून ठेवलं, आणि नाव पुकारल्यावर दोन वाक्यांत थांबवलं. कायदा झाला, ती ओळ जशीच्या तशी. वर छापलं, 'प्राप्त हरकतींचा यथोचित विचार करण्यात आला.' हा विचार कुणी केला, त्या माणसाचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

चाचांच्या आळीत एकाही घराला हिस्सा मिळाला नाही. चाचांनाही नाही, त्यांचं मीटर वडिलांच्या नावावर. माझं माझ्या नावावर, कारण मी एकुलता एक. माझा अर्ज आठवड्यात मंजूर झाला. हिस्सा नाकारायचा असं ठरवून ते सांगायला मी दुकानात गेलो, तर चाचा दुसऱ्या हरकतीचा कागद घेऊन बसलेले. "घ्या गुरुजी. तुमी सोडला म्हनून शेवंताला थोडाच मिळनार हाय?"

मी हिस्सा घेतला. दोन महिन्यांनी चाचा गेले, दुकानातच, छातीत कळ येऊन. तो कागद अर्धाच राहिला.

बिल परवडत नाही म्हणून शेवंताबाईने मशीनची मोटार काढून ठेवली आहे. आता पायाने चालवते आणि संध्याकाळी गुडघे धरून उंबऱ्यावर बसते. माझ्या घरी दिवसभर पंखा फिरतो. तिच्या दारावरून जायची मला लाज वाटते, आणि ज्यांना ती वाटायला हवी ते प्रकल्पाच्या फाटकात हार घालून घेत आहेत.